पत्र्यांचे पेशकार

वसमत भागातील हळद शिजून, वाळून, पालिश होऊन मोंढ्यात गेली आणि आडत्याची पट्टी हाती पडली, की वैशाखाच्या सुमारास ज्याच्या त्याच्या मनात जुने माळवद उतरवून पत्रे टाकण्याची तजवीज सुरू होते. आणि पत्र्यांची गाडी ज्या दारापुढे उभी राहते, तेथे निमंत्रणाची प्रतीक्षा न करता, बगलेत छत्री व मुद्रेवर शासकीय चिंता धारण करून जे गृहस्थ उपस्थित होतात, त्यांस आमच्याकडे पेशकारकाका म्हणतात. त्यांचे आजोबा निजामाच्या अमदानीत तहसिलीत पेशकार होते. सप्टेंबर १९४८ मध्ये ती राजवट गेली. पेशकारी मात्र घरातच राहिली.

लोखंडी पत्र्यास पन्हाळी पाडण्याचे पेटंट हेन्री रॉबिन्सन पामर या इंग्रज अभियंत्याने १८२९ मध्ये मिळविले हे खरे. परंतु तो पत्रा हिंगोली जिल्ह्यातील घरावर चढताना त्यास मंजुरी देण्याचा अखत्यार त्याने कोणाकडे सोपविला, याची लेखी नोंद नसल्याने काकांनी तो स्वतःकडे घेतला आहे.

त्यांची पहिली हरकत गेजाला असते. बोटाच्या पेराने पत्रा वाजवून, कान तिरका करून ते काही क्षण चिंतन करतात. गेजाचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हा उलटा हिशेब त्यांस विशेष प्रिय, कारण “चोवीसच्या भावात सव्वीसचा आणला, काका!” असे मालकाने अभिमानाने सांगताच, त्याच्या मुखावरील तेज विझविण्याचे शास्त्रोक्त समाधान त्यांस लाभते.

वस्तुतः काकांचे सल्ले चुकीचे नसतात. इस्क्रू उंचवट्यावर मारावा, पन्हाळीच्या खोलात नव्हे, कारण पाणी खोलातूनच वाहते. खाली रबरी वायसर असावा. आणि पावसाळी वारा पश्चिमेचा, म्हणून पूर्वेच्या टोकापासून पत्रे लावीत यावे, म्हणजे जोडात वारा शिरत नाही. अडचण एवढीच, की हे सारे मिस्त्री मिसरूड फुटण्यापूर्वीच शिकलेला असतो. म्हणून तो आधी काम उरकतो आणि मग कैचीवरून नम्रपणे पृच्छा करतो,

“काका, इस्क्रू वर घ्यावा का खाली?”

“वरच घे. मी आपलं सांगितलं बाबा!”

“घेतला जी.”

‘मी आपलं सांगितलं’ हे काकांच्या प्रत्येक सल्ल्याचे मोहोरबंद शेपूट आहे. घर गळले नाही तर ती त्यांची देखरेख, आणि गळले तर ती त्यांची पूर्वसूचना. उभयपक्षी फैसला त्यांच्याच बाजूने.

अशाच एका घरावर गतवर्षी वळवाचे वादळ आले आणि निम्मे पत्रे उकिरड्यापलीकडे जाऊन पडले. तलाठी पंचनाम्यास आले, प्रथेप्रमाणे पहिले पंच काका. आता आठवडाभराच्या साऱ्या हरकतींचे तपशीलवार वाचन होणार, या भयाने मिस्त्री बाभळीआड उभा राहिला. काकांनी घसा साफ करून मजकूर सांगितला, “पत्रे आमचे समक्ष बसविले असून इस्क्रू उंचवट्यावर, वायसर शाबूत, जोड पुरेसा; कामात कसूर नाही. सबब नुकसान केवळ वाऱ्याचे.” कामात खोट निघाली तर मालकाच्या मदतीला सरकारी फाटे फुटतील, हे त्या पेशकाराच्या नातवास कोणी शिकवावे लागले नव्हते.

तलाठी गेल्यावर मिस्त्री पुढे आला.

“काका, त्या कागदाची एक नक्कल मला बी द्या. पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवीन.”

काकांनी छत्री बगलेत घेतली. “मिळंल,” ते म्हणाले, “पण अर्ज करावा लागंल.”