जावईबापूंच्या फाईलमधली गाडी

आमचे भाचेजावई पुण्यात लोकांच्या पैशांचं नियोजन करतात. पैसे लोकांचे आणि नियोजन यांचं, अशी सोयीची वाटणी असल्यामुळे धंदा बरा चालतो. अधिक महिन्यात धोंड्याच्या जेवणाला हसनाबादला आले आणि अनारशांच्या बदल्यात आमच्या घराचा 'आर्थिक आराखडा' देऊन गेले. जावई सल्लागार असणं ही मोठी जोखमीची गोष्ट. फी द्यावी लागत नाही हे खरं, पण आहेर करावा लागतो आणि उलट बोलता येत नाही.

फाईल देखणी होती. निवृत्ती, आरोग्य, म्युच्युअल फंड, वारसनोंदी, सगळ्याला रंगीत तक्ते. गाडीला शेवटच्या पानावर एक ओळ मिळाली होती : 'वाहन : किंमत घसरणारी मालमत्ता. विमा : थर्ड पार्टी पुरे. बचतीला वाव.'

पुण्यातल्या गाडीसाठी ही ओळ चालेलही. तिथली गाडी दिवसभर ऑफिसच्या तळघरात उभी असते आणि रविवारी सिंहगडाखाली. हसनाबादची गाडी ही सार्वजनिक संस्था आहे. एमएच 21 ची पाटी लावून ती घरात आली की भावकीत पेढे वाटले जातात, ते आनंदानं नव्हे, सभासदत्व म्हणून. भोकरदनला तहसीलचं काम, जालन्याला दवाखाना, राजूरच्या गणपतीला चतुर्थी, पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात मिरची, सगळीकडे ती जाते. आरसीवर पाच सीट लिहिलेल्या असतात, पण तो आकडा कंपनीनं जपानी माणसं मोजून काढलेला असावा.

"जावईबापू," मी भीत भीत विचारलं, "थर्ड पार्टी म्हणजे तिसरा कोण?"

"रस्त्यावरचा माणूस, मामा. आपल्या गाडीनं ज्याचं नुकसान होतं तो."

"मग गाडीत मागं बसलेल्या आत्याबाई कितव्या?"

जावईबापूंनी अनारसा खाली ठेवला.

आत्याबाई कितव्याच नाहीत, हीच खरी अडचण आहे. खासगी गाडीत फुकट बसलेला प्रवासी नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत येत नाही, असं सुप्रीम कोर्टानं 2006 मध्ये सांगितलं. त्याच्यासाठी पॅकेज पॉलिसी लागते, आमच्याकडे जिला 'फुल इन्शुरन्स' म्हणतात ती. म्हणजे जावईबापूंच्या बचतीत राजूरला निघालेलं अख्खं खानदान उघड्यावर आलं होतं. नियोजनकारानं अशिलाला गाडीची किंमत विचारण्याआधी तीत कोण कोण बसतं ते विचारावं. आमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर ऐकायला वेळ काढून यावं लागेल, तो भाग वेगळा.

आता रस्त्यावरच्या माणसाकडे येऊ. थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवतं. 1000 ते 1500 सीसीच्या खासगी मोटारीला 2022 मध्ये 3416 रुपये ठरला. एवढ्या पैशात दुसऱ्याच्या मृत्यूची किंवा इजेची भरपाई कंपनी कितीही रकमेपर्यंत उचलते. मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांची मर्यादा. घरात अमर्याद रकमेचा विमा हा एकच, आणि तोही परक्याच्या नावानं. आपल्या संस्कृतीला शोभेल अशी ही पॉलिसी असूनही ती पोलिसांना दाखवायचा कागद म्हणून डॅशबोर्डच्या कप्प्यात पडून असते.

ती नसली तर काय, याचं गणित मोटार अपघात न्यायाधिकरण मांडतं आणि ते कुठल्याही एक्सेलपेक्षा चोख असतं. समजा, तीस वर्षांचा दुकानदार गेला. महिन्याला वीस हजार कमवत होता. घरी बायको, दोन मुलं, आई. वर्षाचे 2,40,000. पुढं कमाई वाढली असती म्हणून चाळीस टक्के मिळवायचे : 3,36,000. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा पाव हिस्सा वजा : 2,52,000. वयाप्रमाणे गुणक 17. झाले 42,84,000 रुपये, आणि वर अंत्यविधी वगैरेंचे वेगळे. सरला वर्मा (2009) आणि प्रणय सेठी (2017) या सुप्रीम कोर्टाच्या निकालांनी ही पद्धत बसवून दिली आहे. जावईबापू गणित बघून हरखले. "मामा, ही तर ह्यूमन लाइफ व्हॅल्यू!" मी म्हटलं, हो, पण तुम्ही ती माणूस जिवंत असताना काढता, म्हणून कुणी मनावर घेत नाही.

आणि ही रक्कम मालकानं भरली नाही, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 174 प्रमाणे कलेक्टर ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करू शकतो. जमीन महसूल हा शब्द ऐकल्यावर हसनाबादचा माणूस सरळ बसतो. फाईलच्या दुसऱ्या पानावर 'स्थावर मालमत्ता' म्हणून आमचं वावर हिरव्या रंगात होतं आणि शेवटच्या पानावर गाडी राखाडी रंगात. शेवटचं पान दुसरं पान खाऊ शकतं, हे रंगात दिसत नव्हतं.

फुल इन्शुरन्स काढला म्हणजे सुटलो, असंही नाही. अंगारकीला राजूरच्या रस्त्यावर पांढऱ्या पाटीच्या कितीतरी गाड्या 'सीट' भरतात. खासगी पॉलिसीत भाड्यानं वापर बसत नाही. अपघातानंतर सर्व्हेअर प्रवाशांना पहिला प्रश्न 'किती दिले?' हाच विचारतो, आणि गणपतीचं दर्शन घेऊन आलेला माणूस नेमकं त्याच दिवशी खरं बोलतो.

पोळ्याला कुणाच्या तरी बैलानं आमच्या बंपरला शिंग लावलं, तेव्हा अख्खी गल्ली म्हणाली, क्लेम टाका. बंपर समजा आठ हजाराचा. प्लॅस्टिकवर निम्मी घसारा कपात, उरले चार. त्यातून सक्तीचे एक हजार आपले, हाती तीन. पण पाच वर्षं क्लेम न केल्यानं मिळालेली पन्नास टक्के सूट, म्हणजे एनसीबी, शून्यावर येते. गाडीच्या नुकसानीचा हप्ता सूट धरण्याआधी नऊ हजार असेल, तर सूट पुन्हा वीस, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस अशी चढत पन्नासला पोचेपर्यंत 11,250 रुपये जास्त जातात. तीन हजारांसाठी सव्वाअकरा हजार! घसारा न कापणारं 'झिरो डेप' घेतलं असतं तरी हाती सातच हजार. बैलाला पुरणपोळी खाऊ घालून मी विषय मिटवला. चक्रवाढ व्याजावर तासभर बोलणाऱ्या जावईबापूंना हा हिशेब नवा होता, कारण बैल त्यांच्या अभ्यासक्रमात नाही.

मग ते स्वतःच पेटले. गल्लीतल्या एका जीपची मालकीण आजी आहे, वय ऐंशीच्या पुढं, स्टिअरिंगला हळदीकुंकवापुरता हात लागलेला. चालक-मालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा तिच्या कामाचा नाही. त्याला मालकाकडे स्वतःचं लायसन लागतं. आणि मालक गेला तर पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यांतलं जे आधी येईल तेवढीच चालते. तेवढ्यात वारसांनी नाव बदलायचं असतं. जावईबापू हे आजीसमोरच समजावून सांगू लागले. आजी म्हणाली, "काहून रे बाबा, मह्या तारखेची वाट पाहून राह्यला का?"

दुपारी शेजारचे भाऊ गाडीच्या विम्याचा कागद तपासायला घेऊन आले. इथं विम्याचं अज्ञान आहे असं कुणी समजू नये. पिकाचं नुकसान बहात्तर तासांत कळवायचं असायचं, हे शाळेतलं पोरही सांगेल. जावईबापूंनी कागद उलगडला, पुढून वाचला, मागून वाचला. सरकारनं 2023 च्या खरिपापासून एका रुपयात पीकविमा दिला होता, त्याची ती पावती होती.

"भाऊ, हा सोयाबीनचा आहे. गाडीचा कुठंय?"

"हाच की," भाऊ म्हणाले. "गाडी वावरातच तर उभी राह्यते."