विकासक महोदयांस सांत्वनपत्र

माननीय विकासक महोदय,


मुंबईतल्या काही जुन्या सोसायट्या आपल्याला न बोलावताच इमारती पाडून स्वतः बांधू लागल्या आहेत, हे ऐकून आपणांस क्लेश झाले असतील. सांत्वनासाठी आपल्या योगदानाचा हिशेब मांडायला घेतला आणि पंचाईत झाली. जमीन सोसायटीची, वाढीव चटईक्षेत्र सरकारने दिलेले, नकाशे वास्तुविशारदाचे, बांधकाम कंत्राटदाराचे, पैसा बराचसा बँकेचा आणि आगाऊ फ्लॅट नोंदवणाऱ्यांचा. नफा तेवढा निःसंशय आपला. आयत्या बिळावरचा नागोबा निदान त्या बिळात राहतो तरी; आपण बीळ विकून पुढच्या प्लॉटवर जाता.

आपण विचाराल, जोखीम कोण घेतो? गोरेगावच्या पत्राचाळीत ती ६७२ भाडेकरूंनी घेतली. विकासकाशी झालेल्या २००८च्या करारानंतर त्यांनी घरे सोडली. पुनर्वसनाच्या इमारती अर्धवट असतानाच तिथले चटईक्षेत्र दुसऱ्या विकासकांना विकले गेले, असा ईडीचा आरोप आहे. विकासकाने द्यायचे पर्यायी घराचे भाडे थांबले, वर्षे गेली आणि शेवटी काम म्हाडाला हाती घ्यावे लागले. सभासद भांडतात, हा आपला दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. पार्किंगवर ज्यांचे एकमत होत नाही, ते इमारत काय बांधणार? पण सोसायटीतले भांडण सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात येते, हिशेब लेखापरीक्षकापुढे जातो, कमिटी निवडणुकीत पाडता येते. आपली कमिटी कशी पाडायची, हे १९६०च्या सहकार कायद्यातही सापडत नाही. कर्ज कोण देणार म्हणाल, तर मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक स्वयंपुनर्विकासासाठी देते. २०१९च्या शासननिर्णयाने सवलतीही आहेत.

आता आपल्या आनंदाची बातमी. सोसायटीसुद्धा वाढीव फ्लॅट बाजारभावानेच विकते, त्यातूनच कर्ज फिटते. म्हणजे जमीन आधीच नावावर असलेल्यांची घरे मोठी होतात आणि तिथे धुणीभांडी करणारी बाई नालासोपाऱ्याहूनच येत राहते. २०११च्या जनगणनेत मुंबईतली सुमारे ४१ टक्के कुटुंबे झोपडपट्टीत होती, आणि त्याच शहरात लाखो घरे रिकामी होती. तेव्हा नुसते आपल्याला वगळून विषमता हटत नाही. उरुग्वेत १९६८च्या कायद्याने वेगळी वाट काढली. सरकारी कर्ज, सभासदांचे श्रमदान, मालकी संस्थेची आणि सभासदाला वापराचा हक्क. घर सोडताना त्याला भरलेला वाटा मिळतो, बाजारभाव नाही. आपल्याकडे एवढे नको. पण वाढीव चटईक्षेत्र ही जर सर्वांच्या खिशातली देणगी, तर तिचा थोडा भाग लहान भाड्याच्या घरांसाठी राखावा, आणि ती घरे सोसायटीने कधीही विकू नयेत, एवढी अट सरकारने घालायला काय हरकत आहे? अट ऐकताच सोसायट्या म्हणतील, ‘प्रकल्प परवडत नाही.’ या वाक्याचे हक्क आपल्याकडे आहेत. मानधन जरूर मागावे.

कळावे,
एक सभासद