जिप्सीतले फूलवाले सर

चंद्रपुरातल्या निसर्गवेड्यांच्या घोळक्यात एखादे तरी फूलवाले सर असतातच. कुणी निवृत्त मास्तर, कुणी वीज केंद्रातले, कुणी कोळसा खाणीतले. गळ्यात भिंग, खिशात वही आणि पँटच्या गुडघ्यांवर कायमची माती, एवढ्यावरून ते लांबूनही ओळखू येतात.

पावसाळ्यात ताडोबाचा गाभा बंद असतो, तेव्हा बफरमधल्या जुनोना किंवा आगरझरीच्या जिप्सीत हमखास त्यांची गाठ पडते. बाकीचे पर्यटक वाघासाठी टपलेले. एवढ्यात सर ओरडतात, “थांबवा, थांबवा!” ब्रेक लागतो. सगळे कॅमेरे एकदम वर.

समोर बांबूवर चढलेली कळलावी!

सर खुलतात. लाटदार पाकळ्या कशा मागे वळल्यात, पिवळ्या उमलून पुढे तांबड्या कशा होतात, पानाचं टोकच तणावा होऊन बांबूला कसा विळखा घालतं, सगळं साग्रसंगीत. कंदात कोल्चिसीन नावाचं जहाल विष असतं, असं ते सांगतात तेव्हा सहप्रवाशांना त्या फुलात पहिल्यांदाच खराखुरा रस वाटू लागतो. गाडीतून उतरायला बंदी आहे म्हणून बरं. नाहीतर सर चिखलात पालथेच झोपले असते. थट्टा होते त्यांची, पण वाघ न दिसलेल्या फेरीनंतर घरी सांगायला काही उरतं, ते त्यांच्याच कृपेनं.

गडचिरोलीत ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’ला, २०१४ साली जाहीर झालेल्या राज्यातल्या पहिल्या जैवविविधता वारसा स्थळी, मात्र पायी हिंडता येतं. लोक मान दुखेपर्यंत जुन्या सागांचे शेंडे बघतात. सर ओणवे होऊन कुजक्या ओंडक्यावरची बुरशी मोजतात.

खरी फजिती चैत्रात, मोहाखाली. रसाळ फुलं रात्रभर टपटपून उजाडायच्या आत सडा पडलेला असतो. अस्वलालाही तीच प्रिय, म्हणून वेचणाऱ्या बाया जथ्यानं, मोठमोठ्यानं बोलत येतात. सर येतात एकटे, चोरपावलांनी. फुलाला जणू चाहूल लागेल! झाडाखालचा पाचोळा बायांनी आधीच झाडून ठेवलेला, त्या स्वच्छ जागेत सर नेमके मधोमध उभे.

“बाजूले सरा ना जी, फुलावर पाय हाये तुमचा.”

सर ओशाळून एक पाऊल मागे घेतात, ते दुसऱ्या फुलावर. पुन्हा सरकतात, तिथंही तेच. शेवटी बाई त्यांच्या हातात टोपलीच देते आणि मोहाच्या बुंध्याशी टेकवून त्यांना उभं करते.