दत्तक नामंजूर, दौलत मंजूर

प्रति,
लॉर्ड डलहौसीसाहेब,
माजी गव्हर्नर जनरल, हल्ली मुक्काम स्कॉटलंडच्या मातीत

विषय : सातारच्या वारसा-प्रकरणाचा झटपट निकाल लावल्याबद्दल आभार.

साहेब, स. न. वि. वि.

आमच्याकडे हातभर बांधापायी दोन-दोन पिढ्या कोर्टाची पायरी झिजवतात. वकील बदलतात, पक्षकार मरतात, तारीख तेवढी पडत राहते. आपण मात्र अख्ख्या राज्याचा वारसा एका टिपणात निकाली काढलात. कौतुक करायला हा कागद पुरायचा नाही.

५ एप्रिल १८४८. सातारचे आप्पासाहेब महाराज अखेरच्या घटका मोजत होते. पोटी मूल नाही, म्हणून त्यांनी भोसले कुळातला एक मुलगा मांडीवर घेतला आणि त्याच दिवशी डोळे मिटले. आपल्याला हिंदुस्थानात येऊन तेव्हा पुरते तीन महिनेही झाले नव्हते. तरी धर्मशास्त्र तोंडपाठ! ३० ऑगस्टच्या टिपणात आपण काय सुरेख कातरकाम केलंत! या पोराने बापाला पिंड द्यावा, चालेल. खासगी चीजवस्तू घ्यावी, तीही चालेल. गादी मात्र नाही, कारण दत्तकाला सरकारची परवानगी नव्हती. परवानगी द्यायची कुणी? सरकारने. नाकारली तर राज्य कुणाला? सरकारलाच. १८१९ च्या तहात ‘वारस आणि उत्तराधिकारी’ असे शब्द होते आणि मुंबईचे गव्हर्नर क्लार्कसाहेब खालसा करण्याच्या विरोधात होते. पण घरच्यांचं ऐकत बसलं की वाटण्या लांबतात, नाही का?

आज एखाद्याने मृत्युपत्र कोर्टात आणलं, ते करवून घेताना तोच पुढे-पुढे नाचत होता आणि घबाडही त्यालाच मिळणार असं दिसलं, तर न्यायाधीश आधी त्यालाच म्हणतात, संशय फेडा. आपला काळ किती सुटसुटीत! वादी तुम्ही, न्यायाधीश तुम्ही, ताबा घेणारेही तुम्हीच.

आम्ही भांडत नव्हतो असं नाही. शाहू आणि संभाजी या चुलतभावांनी १७३१ मध्ये वारणेचा तह करून राज्य वाटून घेतलं, नदीचाच बांध घातला. मिरजेचे पटवर्धन काका-पुतणे १८०१ मध्ये वेगळे झाले. त्या वाटणीतून सांगली संस्थान उभं राहिलं. वाटणी झाली की निदान दोन चुली पेटतात. दोघांच्याही चुली विझवून भांडी उचलून न्यायची युक्ती आम्हाला सुचली नव्हती.

दाद मागायची सोयही आपल्या कंपनीने छान ठेवली होती. आप्पासाहेबांचे थोरले भाऊ, पदच्युत प्रतापसिंह महाराज यांची कैफियत घेऊन रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. महाराज १८४७ मध्ये काशीला वारले, वर्षभरात राज्यही बुडालं, तरी हा गृहस्थ १८५३ पर्यंत तिथे दारं ठोठावत होता. पुढे त्याच साताऱ्याच्या राजवाड्यात वर्षानुवर्षं कोर्ट भरलं. ज्या घराचा वारसा बिनसुनावणी बुडाला, त्याच घराच्या पायऱ्यांवर शेतकरी सातबाऱ्याचे उतारे गुंडाळून पुकाऱ्याची वाट बघत बसले. आपल्या राज्यात विनोदाला तोटा नव्हता.

आणखी एक कळवायचं राहिलं. सत्तावन्नचा दणका बसल्यावर आपल्याच सरकारने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा वाटल्या. १९०३ मध्ये सांगलीच्या गादीवर दत्तकच बसला. तेच शास्त्र, तीच कृष्णा, फक्त नदी थोडी खाली उतरलेली.

आपण १८६० मध्ये वारलात. खासगी कागद पन्नास वर्षं प्रसिद्ध करू नयेत अशी आपली शेवटची इच्छा. पत्रं छापून आली ती १९१० मध्ये. मेलेल्या माणसाचा शब्द असा पाळतात, साहेब. आपल्याला दोन मुली, मुलगा नव्हता. म्हणून ‘मार्क्विस’ हा किताब आपल्याबरोबरच संपला. ‘अर्ल’ची पदवी तेवढी चुलतभावाकडे गेली, आणि त्यासाठी त्याला सातारकरांची परवानगी काढावी लागली नाही.

कळावे. लोभ होताच.

आपला,
एक बेवारस सातारकर