ताकही फुंकून

आमच्या सोसायटीत कुठलीही नवी वस्तू घरात दोनदा येते. एकदा पार्सलवाला आणून देतो तेव्हा आणि दुसऱ्यांदा तक्तेकाका बघून जातात तेव्हा. पहिल्या खेपेला ती चांगली असते.

काका आले की वस्तूकडे बघतच नाहीत, आधी खोकं मागतात. चष्मा कपाळावर सरकवून खोक्याच्या तळाची मुंगीएवढी अक्षरं वाचतात, मग विचारतात, "केवढ्याला पडलं?" आपण आकडा सांगतो. मग येतो तो 'हं'. हा 'हं' नाकातून निघतो आणि वर न चढता तिथेच बसतो. त्यात 'बरं केलंस' नसतं आणि 'फसलास'ही नसतं. एक्स-रे खिडकीशी धरून डॉक्टर जो 'हं' काढतात, त्या जातीचा हा. काका निघून जातात, पण रात्री उशिरापर्यंत आपण त्या खोक्याची अक्षरं वाचत बसतो. तिसऱ्या मजल्यावरचं नवं जोडपं तर हल्ली पार्सलवाल्याला मागच्या फाटकाशी बोलावतं.

त्यांचं आडनाव दुसरंच आहे. काहीही घ्यायचं म्हटलं की हा माणूस आधी फूलस्केप कागदावर तक्ता आखतो, म्हणून हे नाव पडलं आणि आता वॉचमनच्या वहीतही तेच आहे. सगळी नोकरी लेखापरीक्षणात गेली. निवृत्त होताना खुर्ची सोडली, हिरव्या शाईचं पेन तेवढं घरी आणलं. मुलीच्या लग्नाच्या वेळीही तक्ता झाला होता म्हणतात. आत्ताचे जावई त्यात दुसरे होते. पहिल्या क्रमांकाच्या मुलाचं सगळं उत्तम होतं, पण सर्व्हिस सेंटर अमेरिकेत.

यंदा पाडव्याच्या सुमारास काकांच्या कॉम्प्युटरला घरघर लागली. आमच्या शेजारच्या प्लॉटवर पुनर्विकास चालू आहे. जुनी बिल्डिंग पाडल्यापासून अख्ख्या कोथरूडची धूळ आमच्याकडे पेइंग गेस्ट म्हणून राहते. कॉम्प्युटरवाला मुलगा आला. त्याने कॅबिनेट गॅलरीत नेलं, झाकण काढलं, पिशवीतून ब्लोअर काढून दोन मिनिटं हवा मारली आणि तीनशे रुपये घेऊन गेला.

काका त्याच पावली माझ्याकडे आले. "दोन मिनिटांचे तीनशे म्हणजे तासाचे नऊ हजार. आणि दिलं काय, तर हवा!"

त्या दिवशी नवा कागद निघाला. डोक्यावर मथळा: 'धूळ उडवण्याचे यंत्र'. पहिल्या रकान्यात पहिली अट: 'वायर नको'. ही अट त्यांनी दोनदा अधोरेखित केली होती. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

मी म्हणालो, "काका, दुकानात हवेचा स्प्रे मिळतो. डबाबंद."

"त्यात हवा नसते," काका म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला, एखाद्या घराण्याची आतली गोष्ट सांगावी तसा. "डायफ्लुरोइथेन असतो बहुतेक डब्यांत. दाबाखाली द्रव करून भरलेला वायू. पेट घेणारा. डबा तिरपा धरलास की वायूऐवजी तो द्रवच बाहेर येतो, बर्फासारखा गार. देवाच्या निरांजनाजवळ मी तो डबा ठेवू? आणि संपला की फेकायचा, पुन्हा नवा. हा खर्च आवर्ती स्वरूपाचा आहे." 'आवर्ती' म्हणताना त्यांनी एखाद्या व्यसनाचं नाव घ्यावं तसं तोंड केलं.

पुढचे काही महिने मी संध्याकाळचा चहा त्यांच्याकडे प्यायलो आणि माझं शिक्षण झालं. जाहिरातीत पहिला भपका असतो फेऱ्यांचा: मोटर मिनिटाला 1,30,000 वेळा फिरते. काकूंनी एकदा भाजी निवडता निवडता हे ऐकलं. "वडाला सात फेऱ्या मारल्या तर सात जन्मांची सोय होते. ह्यांच्या पंख्याला लाख कशाला लागतात?" काकांनी हे गंभीरपणे घेतलं. "बरोबर आहे तिचं. फेऱ्यांचा आकडा हा प्रयत्न झाला. फळ किती, ते लिहिलेलंच नाही."

मग मोटर ब्रशवाली की ब्रशलेस. हे मला उमजेना, तेव्हा त्यांनी मिक्सर पुढे केला. "मिक्सरवाला म्हणतो ना, 'कार्बन गेलेत'? ते कार्बन म्हणजेच ब्रश. फिरणाऱ्या भागाला घासून वीज देतात आणि घासून घासून झिजतात. ब्रशलेसमध्ये घासणारं काही नाही. सरकारी नोकरीसारखं आहे, झीज कमी." त्या रकान्यात हिरवी टिक पडली.

बॅटरीच्या रकान्याशी मात्र काका खरे खुलले. जाहिरात म्हणते 7,500 एमएएच. "नुसत्या एमएएचला काय चाटायचंय? गुणिले 3.7 व्होल्ट, भागिले हजार. आले 27.75 वॉट-तास. आता ह्यांचीच मोटर ह्यांच्याच म्हणण्याप्रमाणे 110 वॉटची. म्हणजे पूर्ण जोरात चालेल पंधरा मिनिटं. आणि खोक्यावर लिहिलंय तीन तास! का? तर सर्वांत खालच्या वेगाला. तेवढ्या वेगाने मी तोंडाने फुंकतो की."

एका यंत्राच्या आतल्या सेलवर 9,900 एमएएच छापलेलं त्यांनी फोटो मोठा करून पकडलं, तो दिवस त्यांच्यासाठी सणाचा होता. "18650 जातीचा सेल. नावातच माप आहे: 18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब. ह्याच्यात साडेतीन हजाराच्या आसपास मावतं. पावशेराच्या भांड्यात हा इसम तीन पाव दूध ओतून दाखवतोय!" ते यंत्र तक्त्यातून बाद झालं. नुसतं बाद नाही, त्याच्यापुढे 'गंभीर आक्षेप' असा शेरा पडला.

आवाजाचा रकाना वेगळा. 85 डेसिबल म्हणजे 75 पेक्षा दहा जास्त नव्हेत, आवाजाची ताकद दसपट, हे त्यांनी अख्ख्या जिन्याला समजावून सांगितलं. मग शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून वापराची वेळही ठरवली: शेजारच्या प्लॉटवर ब्रेकर चालू असेल तेव्हा. "आवाजात आवाज मुरतो." यंत्र अजून घ्यायचं होतं.

तक्त्यात तेवीस यंत्रं झाली, तेव्हा मी त्यांना स्कूटरवर घालून बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत नेलं. म्हटलं, प्रत्यक्ष हातात घेतलं की माणूस विरघळतो. दुकानदाराने मुठीएवढं यंत्र काउंटरवर ठेवलं, बटण दाबलं. शेजारच्या बिलबुकाची पानं फडफडली.

"वाऱ्याचा वेग किती?"

"सेकंदाला पन्नास मीटर, काका."

काकांनी डोळे मिटून 3.6 ने गुणलं. "ताशी 180 किलोमीटर. 3 जून 2020 ला अलिबागजवळ निसर्ग चक्रीवादळ आलं, त्याचा वेग होता शंभर ते एकशेवीस. त्याने सुपारीच्या बागा झोपवल्या. तुमच्या ह्याने बिलबुकसुद्धा पडलं नाही."

दुकानदार बघतच राहिला. काका त्याला धीर देत म्हणाले, "तुमची चूक नाही. भोक बोटाएवढं आहे. वेग भरपूर, पण हवाच थोडी जाते. वेग नको, जोर सांगा. जोर किती ग्रॅम?"

"काका," दुकानदार म्हणाला, "हे वजनावर नाही. नगावर आहे."

काका बाहेर पडले. मी दोन मिनिटं रेंगाळलो आणि लाजत लाजत एक नग घेऊन वर्तमानपत्रात गुंडाळून डिकीत टाकला. संध्याकाळी काका दारात उभे. दुकानदाराला उत्साहाने बिल माझ्या नावाने फाडताना त्यांनी काचेतून पाहिलं होतं. खोकं वाचलं, किंमत विचारली, 'हं' झाला. मग म्हणाले, "चल. ह्याचा जोर काढू."

जोर काढायला लागतो स्वयंपाकघरातला वजनकाटा. यंत्र वर घट्ट धरायचं, नळी खाली काट्याच्या ताटलीवर रोखायची, बटण दाबायचं. हवा ताटलीला जेवढं खाली रेटते, तेवढे ग्रॅम काट्यावर दिसतात. पद्धत बिनचूक होती. फक्त काट्याशेजारी परातीत काकूंनी चकलीची भाजणी गार करत ठेवली होती, हा तपशील तक्त्यात नव्हता.

काट्याने 62 ग्रॅम दाखवले. निदान मला तसं वाटलं, कारण त्यानंतर काही दिसेना. भाजणी आधी उठली, मग पसरली, मग निवांतपणे बसली: फ्रिजवर, मिक्सरवर, देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णावर, काकांच्या भुवयांवर. यंत्र बंद झाल्यावर जी शांतता पसरली तिला धने-जिऱ्याचा खमंग वास होता.

"बघ," काका हळूच म्हणाले, "उडवलेलं नाहीसं होत नाही. जागा बदलतं. म्हणून आधी वरचं उडवायचं, खिडकी उघडी ठेवायची आणि शेवटी ओलं फडकं हवंच."

"फडकं तिथे आहे," काकू म्हणाल्या.

ओटा पुसता पुसता, बहुधा अपराधी मनामुळे, काका बोलते झाले. 1992 साल. संसार नवा. एका रविवारी दारात टाय लावलेला मुलगा उभा. हातात पेटी. फक्त डेमो, म्हणाला, घेतलंच पाहिजे असं नाही. त्याने व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाशी पांढरा रुमाल लावला आणि नळी गादीवरून फिरवली. रुमालावर भाकरीएवढा काळा गोल उमटला. "साहेब, ह्याच्यावर तुम्ही झोपता," तो म्हणाला. "तुझ्या काकूंसमोर म्हणाला रे! मी वीस मिनिटांत सही केली. बारा हप्ते. एका ठिकाणी विचारलं नाही, एक आकडा पडताळला नाही. मी, लेखापरीक्षक!" वायर बाहेरच्या खोलीपर्यंत पुरायची नाही. आवाजाने मुलगी रडायची. सहा महिन्यांत यंत्र माळ्यावर गेलं. हप्ते मात्र पुढे सहा महिने खालीच राहिले.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. काकांचं दूध कुठलं, ते मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासूनचे हे सगळे तक्ते म्हणजे तीस वर्षं चाललेली एकच फुंकर होती. आणि ह्या फुंकरीने नुकसान कुणाचंच झालं नाही, हेही खरं. चौथ्या मजल्यावरच्या आजींना वॉरंटीच्या बारीक अक्षरांवरून फ्रिज बदलून मिळाला, तो काकांमुळेच. फक्त स्वतः काका ताकापर्यंत कधी पोचत नाहीत. ते फुंकण्यातच निवून जातात.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी काकूंनी मला माळ्यावर चढवलं. काकांचे गुडघे हल्ली शिडीला परवानगी देत नाहीत. मी वरून एकेक वस्तू देत होतो: पाट, तांब्याचा बंब, गणपतीचं मखर. कोपऱ्यात जुन्या चादरीखाली हत्तीच्या पिल्लासारखं काहीतरी बसलं होतं. सोंडेसकट.

"ते राहू दे," काका खालून म्हणाले.

"काढा ते," काकू म्हणाल्या.

यंत्र जमिनीवर आलं. काकूंनी पदर खोचला. सोंड पुढच्या तोंडातून उपसली, यंत्र फिरवलं, मागच्या बाजूला, जिथून हवा बाहेर पडते, तिथे तीच सोंड बसवून पीळ दिला. "आता लावा प्लग."

मी प्लग लावला. यंत्राने घसा खाकरला, घुमलं आणि सोंडेत तीस वर्षं दडून बसलेली धूळ एका दमात बाहेर आली. समोर काका होते. धुरळा खाली बसला तेव्हा ते अंगाला भस्म फासल्यासारखे उभे होते, चष्म्यामागचे डोळे तेवढे स्वच्छ. सोंडेतून आता निर्मळ, सणसणीत वारा येत होता. भिंतीवरचं कॅलेंडर आडवं झालं होतं.

"हे... हे फुंकतंसुद्धा?"

"त्या टायवाल्याने तेव्हाच दाखवलं होतं," काकू म्हणाल्या. "तुम्ही हप्त्यांवर व्याज किती बसतं ते काढत होतात."

"मग सात महिने बोलली का नाहीस?"

"तक्त्यात माझा रकाना होता का?"

काकांनी चष्मा पुसला. टेबलाशी गेले, तक्ता उलगडला आणि तेविसाव्या यंत्राखाली पट्टीने एक नवी ओळ आखली. मी मागून बघत होतो. क्रमांक 24. नाव: माळ्यावरचं. वायर: आहे. पूर्ण जोरात किती वेळ चालते: वीज जाईपर्यंत. वॉरंटी: संपली. किमतीच्या रकान्याशी पेन बराच वेळ थांबलं. मग हिरव्या शाईने, अक्षर न अक्षर सुटं करून त्यांनी लिहिलं: फिटली.