हुर्राक मेळूंक ना?

पेडण्यात गाडी बंद पडली, की मदतीला येणारा पहिला माणूस बॉनेटकडे नाही, घड्याळाकडे बघतो. ५ जानेवारी २०२३ला मोपाहून विमाने उडू लागली. तेव्हापासून इथे रस्त्यात खोळंबलेला प्रत्येक पाहुणा विमान चुकलेलाच असतो. आम्ही डिचोलीला लग्नाला निघालो होतो, पण वाफेच्या ढगात उभ्या माणसाचे कोण ऐकतो!

रेडिएटरची वरची नळी क्लिपजवळ फाटली होती. नवी डिकीत होती, ती चढेना. या नळ्या मुद्दाम तंग करतात, शिवाय तोटीच्या टोकाला कंगोरा ठेवतात. नळी निसटू नये, याची कारखान्यात सगळी काळजी घेतलेली. चढवायची कशी, हे त्यांनी पेडणेकरांवर सोडलेले.

पेडणेकर तयार होते. भगवतीच्या देवळाकडून आलेल्या दुकानदाराने खोबरेल पुढे केले. रिक्षावाल्याने ग्रीसचा डबा काढला. एक आजोबा म्हणाले, "थुकी लाय रे बाबा, फुकट आसा." आणि एप्रिलचे दिवस असल्याने एका सज्जनाच्या पिशवीत हुर्राकची, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूची, बाटली निघाली. त्यांच्या सूचनेला सर्वांत जास्त हसू आले, सर्वांत जास्त लक्षही मिळाले.

सोबतचा मेव्हणा दोडामार्गचा. घरची रबराची बाग. "भावोजी, रबर म्हणजे झाडाचो चीक. माका शिकवतास?" म्हणून त्याने खोबरेलात बोट बुडवले. मी ते वरच्या वर धरले. रेडिएटरची नळी बहुधा झाडाच्या चिकाची नसते, ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची असते. हे रबर खनिज तेलाच्याच घराण्यात जन्मलेले, पण तेलाशी त्याचा उभा दावा. तेल किंवा साधे ग्रीस लागले की ते फुगते, मऊ पडते. शिवाय तेल वाळत नाही, त्यामुळे नळी क्लिपखालून हळूहळू मागे सरकते. पेट्रोलच्या नळीचे नायट्राइल रबर मात्र तेलात सुखाने नांदते. एकाच बॉनेटखाली दोन पंथ!

रेडिएटरच्या रबराला पाणी चालते, साबण चालतो, रेडिएटरमधला हिरवा कूलंट तर रोजचाच. म्हणजे शास्त्राच्या दृष्टीने आजोबांची थुंकी निर्दोष, आणि हुर्राक त्याहून सरस: थोडा मद्यार्क, बाकी बरेचसे पाणी, काम झाले की उडून जाणार. मी हे जाहीर करताच सज्जनाने बाटलीला घट्ट बूच लावले. सूचना करणे वेगळे, हुर्राक रबरावर ओतणे वेगळे.

शेवटी चहावाल्याकडून गरम पाणी आणि भांडी घासायचा साबण आला. नळीचे तोंड गरम पाण्यात धरून मऊ केले, फेस लावला, मेव्हण्याने पिळा देत ढकलली, आणि 'गेली!' असा जयघोष झाला. क्लिप कंगोऱ्याच्या मागे आवळली. दुकानदाराने खोबरेलाचे पैसे मागितले. बोट बुडाले होते ना.

कोलवाळचा पूल, थिवी, अस्नोडा, सगळा रस्ता मी तापमानाच्या काट्याकडे बघत कापला. गोव्याचे निसर्गसौंदर्य मेव्हण्याने पाहिले. छान होते म्हणतो.

डिचोलीत मंडपाच्या अलीकडे एक गॅरेज लागले. मिस्त्रीची उमर खनिजाच्या ट्रकांखाली गेलेली. त्याने नळी चाचपली, क्लिप अर्धा फेरा आवळली, वास घेतला.

"कितें लायलें?"

"साबण."

"कोणे सांगलें?"

"पेडण्याच्या लोकांनी."

त्याने कीव आल्यासारखी मान हलवली. "हुर्राक मेळूंक ना?"