मोटारीचे कान टोचणारा गृहस्थ

मोटार बाळगणाऱ्या मराठी मध्यमवर्गात एक स्वतंत्र पोटजात आता चांगलीच रुजली असून, कारखान्यातून बाहेर पडलेली गाडी म्हणजे नुकतेच बारसे झालेले मूल आहे आणि तिचे कान टोचून तिला दागिने घालणे हे पालकाचे कर्तव्य आहे, अशी या पोटजातीची मूळ श्रद्धा आहे. गाडीच्या कंपनीने न बनवलेले आणि खरेदीनंतर तिच्या अंगावर चढवलेले जे भाग बाजारात ‘आफ्टरमार्केट’ म्हणून व गॅरेजात नुसते ‘बाहेरचे’ म्हणून ओळखले जातात, त्यांच्यावर या गृहस्थाचा जीव जडलेला असतो. बंपरखाली चिकटणारा प्लॅस्टिकचा ओठ, दारांखालून धावणारा स्कर्ट, डिकीवरचा स्पॉयलर, तोंडावरचा पोलादी गार्ड आणि ज्यातून हवा कधीही आत जात नाही असा बॉनेटवरचा हवेचा झरोका, हे त्याचे पंचायतन होय.

हा गृहस्थ सहसा श्रीमंत नसतो, ही गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवली पाहिजे. चालण्यास आवश्यक ते सर्व आणि शेजाऱ्यास दाखवण्यास आवश्यक ते काहीच नाही, असे गाडीचे सर्वांत स्वस्त रूप म्हणजे ‘बेस मॉडेल’ तो विचारपूर्वक निवडतो, आणि वाचलेल्या पैशांतून तिचे ‘टॉप मॉडेल’ बाहेरून करून घेण्याचा संकल्प सोडतो. त्यासाठी तो कुर्ल्याचा सीएसटी रोड पालथा घालतो, पुण्याच्या नाना पेठेत दुपार काढतो, आणि दिल्लीस लग्नाला गेलाच तर मंडळी लाल किल्ला पाहत असताना करोल बागेतून स्पॉयलर काखोटीस मारून परततो. या बाजारांतील एक संज्ञा येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. ‘युनिव्हर्सल’ म्हणजे कोणत्याही एका गाडीसाठी बनवलेला नसल्यामुळे सर्वच गाड्यांना सारखाच न बसणारा भाग, आणि तो बसवताना दुकानातला मुलगा ‘थोडं ॲडजस्ट करून देतो, शेठ’ असे जे आश्वासन देतो, त्यातील ‘ॲडजस्ट’ या क्रियेचे साधन ड्रिल मशीन हे असते. सोनारानेच कान टोचावेत, ही म्हण ज्या समाजाने घडवली त्याच समाजातील हा पालक आपल्या गाडीचे कान मात्र सतरा वर्षांच्या पोराकडून टोचून घेतो, पत्र्यावरचे रंगाचे आणि गंजरोधक लेपाचे थर भेदून आत जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूकडे कौतुकाने पाहतो, आणि त्या भोकांतून पुढच्या पावसाळ्यात कोण आत शिरणार आहे याचा विचार पुढच्या पावसाळ्यावर सोडतो.

या सर्व शृंगाराची परीक्षा सर्व्हिसिंगच्या दिवशी होते. सामान्य मोटारीचे सर्व्हिसिंग ही मुळात कंटाळवाणी व म्हणूनच स्वस्त गोष्ट असते. साधारण 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतील जे आधी होईल तेव्हा गाडी उचलावी, इंजिनाच्या तळाचा ड्रेन बोल्ट काढून तीन-चार लिटर काळे तेल पातेल्यात सोडावे, फिल्टर व बोल्टखालचा वायसर बदलावा, नवे तेल ओतून दांडीवर पातळी पाहावी, एवढाच तो विधी आहे. परंतु या गृहस्थाची गाडी उचलावी कोठून, हाच पहिला प्रश्न असतो. गॅरेजातील दोन खांबी लिफ्टचे चार हात गाडीखाली ज्या चार ठिकाणी टेकवायचे असतात, ते जॅक पॉइंट दाराखालच्या पोकळ पत्र्याच्या पट्टीवर, म्हणजे घराच्या भाषेत उंबऱ्यावर, असतात, आणि उंबरा स्कर्टने झाकलेला असतो. हात बाहेरून टेकवला तर स्कर्ट तडकतो आणि आतून टेकवावा तर गाडी तोलात राहत नाही, म्हणून आधी स्कर्ट उतरवावा लागतो. तो उतरवू लागले की स्क्रूंपैकी निम्म्यांचे आटे गेलेले आढळतात व उरलेले निम्मे गंजून पत्र्याशी एकरूप झालेले असतात. स्कर्ट निघाल्यावर त्यामागून दोन पावसाळ्यांचा चिखल निघतो, कारण आत शिरलेले पाणी निघून जावे म्हणून कारखान्याने उंबऱ्याच्या तळाशी जी बारीक छिद्रे ठेवलेली असतात, ती दुकानातल्या मुलाने सौंदर्यदृष्ट्या अनावश्यक ठरवून दुहेरी चिकटपट्टीखाली गाडलेली असतात. जिथे भोक हवे तिथे ते बुजवायचे आणि जिथे नको तिथे पाडायचे, असे या शास्त्राचे सूत्र दिसते.

गाडी अखेर वर गेली की तिच्या पोटाखाली पोलादी पत्रा दिसतो. खडकाळ रस्त्यावरील दगडांपासून इंजिनाचे रक्षण करणारा हा पत्रा घेताना गृहस्थाच्या मनात लडाख असते व गाडीच्या नशिबी सिंहगड रोड असतो. पण त्याला नावे ठेवण्याचे खरे कारण वेगळे आहे. तेल काढण्यासाठी या पत्र्यात ठेवलेले भोक दुसऱ्याच एखाद्या मॉडेलच्या मापाने पाडलेले असल्यामुळे ड्रेन बोल्टपासून दोन बोटे बाजूला पडते, आणि बोल्ट सैल करताच तेल पातेल्याऐवजी पत्र्यावर पसरते. ते टाळायचे तर पत्र्याचे सहा-आठ बोल्ट प्रत्येक वेळी उघडावे लागतात. त्याहून गंभीर बाब अशी की, पार्किंगच्या फरशीवर सकाळी दिसणारा तेलाचा डाग हे सामान्य कुटुंबाचे सर्वांत विश्वासू निदानयंत्र असते आणि हा पत्रा गळणारे तेल मुकाट्याने झेलून त्या यंत्राचे तोंडच बंद करतो. फरशी स्वच्छ पाहून गृहस्थ आपल्या गाडीच्या प्रकृतीविषयी निश्चिंत असतो. बहुधा घरात त्याच्या रक्तदाबाविषयीही अशीच निश्चिंती असते.

पुढच्या बाजूची कथा गार्डभोवती फिरते. चासीच्या पुढच्या टोकांना घट्ट केलेला हा गार्ड फॉग लॅम्पचा एक दिवा बदलण्यासाठीही पुष्कळदा उतरवावा लागतो, कारण तो बंपर सुटू देत नाही. जाळीवर लावलेली दुसरी जाळी रेडिएटरकडे जाणारी हवा अडवते, आणि एसी थंड करत नाही ही तक्रार मालक गॅस कमी झाल्याच्या खाती मांडतो. एअरबॅग उघडायची की नाही हे ठरवणारे संवेदक मूळ गाडीला बसणाऱ्या धक्क्याच्या हिशेबाने जुळवलेले असतात आणि गार्डमुळे धक्क्याची वाटच बदलते, म्हणून केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना पत्र लिहून अशा गार्डांवर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली कारवाई करण्यास सांगितले, आणि 2019 च्या दुरुस्तीने कायद्यात न बसणाऱ्या फेरफारासाठी मालकाला प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. गृहस्थाला हे सर्व ठाऊक असते. आपला गार्ड मात्र कायद्याच्या भाषेत गार्ड नसून ‘नुसती शोभा’ आहे, असे त्याचे मत असते. न्यायबुद्धीने पाहता गार्डचा एक निर्विवाद उपयोग मान्य करावा लागतो, तो म्हणजे दसऱ्याला झेंडूचा हार अडकवायला त्यासारखी जागा गाडीवर दुसरी नाही.

बंपरच्या ओठाविषयी विस्ताराने लिहिण्यासारखे काही नाही, कारण तो फार काळ टिकत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असावा, परंतु गावोगावचे गतिरोधक ग्रामस्थांच्या संतापाच्या प्रमाणात बांधले जात असल्यामुळे ओठ पहिल्या महिन्यात घासतो, दुसऱ्या महिन्यात लोंबतो आणि त्यापुढे केबल टायच्या आधाराने आयुष्य कंठतो. स्पॉयलरचे दुखणे मात्र चिवट असते. डिकीचा दरवाजा वर धरून ठेवणारे गॅसचे दोन दांडे, ज्यांना गॅरेजात ‘शॉकर’ म्हणतात, मूळ दरवाजाच्या वजनासाठी बनवलेले असल्याने वाढीव भार सोसता सोसता थकतात, आणि स्टेपनी काढायला वाकलेल्या मालकाच्या डोक्यावर तो दरवाजा हळुवारपणे विसावतो. म्हणूनच या पोटजातीच्या डिकीत टूलकिटशेजारी दीड हात लांबीची काठी आढळते. विम्याच्या वेळी आणखी एक ज्ञान प्राप्त होते. घसारा, म्हणजे जुन्या भागाच्या किमतीतून वजा होणारी रक्कम, प्लॅस्टिकला 50 टक्के व फायबरग्लासला 30 टक्के लागत असल्यामुळे आपला बंपर नेमका कशाचा आहे हे गृहस्थ प्रथमच सर्व्हेअरला विचारतो, आणि पॉलिसीत नोंदच न केलेल्या भागाला तो कशाचाही असला तरी काही मिळत नाही, असे उत्तर घेऊन परततो.

इतके होऊनही मिस्त्री या गिऱ्हाइकाला तोडत नाही. दोन तासांच्या कामाला दिवस जातो आणि मजुरीत ‘उतरवणे-चढवणे’ अशी वेगळी ओळ येते, तरी गाडीशेजारी स्टूल टाकून बसणारा, निघालेला प्रत्येक स्क्रू वाटीत गोळा करणारा आणि ‘रंगाला पाना लागू देऊ नका, मिस्त्री’ असे दर पाच मिनिटांनी सांगणारा हा एकमेव मालक असतो. इतर मालक चावी फेकून निघून जातात. फक्त इतके प्रेम असूनही इंजिनात कोणत्या श्रेणीचे तेल पडले हे त्याला विचारले, तर तो मिस्त्रीकडे पाहतो, आणि स्पॉयलरची लांबी विचारली, तर मिलिमीटरात सांगतो.

पाच-सहा वर्षांनी गाडी विकायची वेळ आली की तो सारे दागिने उतरवून घेतो, कारण ते नव्या गाडीला लागतील अशी त्याची खात्री असते. युनिव्हर्सल असल्यामुळे ते लागत नाहीत आणि घराच्या माळ्यावर जातात. भोके मात्र गाडीबरोबर नव्या मालकाकडे जातात, रंगाने बुजवलेली आणि आतून गंजत असलेली. तेव्हा जुनी गाडी घ्यायला निघालेल्या वाचकाने बॉनेट उघडण्यापूर्वी खाली वाकावे आणि दारांखालच्या उंबऱ्यावरून एकदा बोट फिरवून पाहावे.